काकडा पेनड्राइव्हवर आन देवळात कोणीच नाही

गोदाकाठचा
राम राम मंडळी. विषय जरा इकडचातिकडचा हाय, सांभाळून घ्या. दिवाळीला गावाकडं आलो (परभणी जिल्हा, गोदाकाठ). कोजागिरीपासून काकडा (पहाटेची भजनं) चालू हाय, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालतो. पहाटे साडेचारला भोंगा सुरू झाला. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगळे, गौळणी, सगळं कसं क्रमानं. अंथरुणात पडून ऐकताना लहानपण आठवलं, म्हणलं चला, उठून थंड पाण्यानं आंघोळ केली, शाल गुंडाळली आन देवळात गेलो.

देवळात कोणी नाही. म्हणजे खरंच कोणी नाही. एक कुत्रं पायरीवर, आन आत अँप्लिफायरला खोचलेला पेनड्राइव्ह, त्याचा लाल दिवा लुकलुक करायला. पुजाऱ्याचा नातू येतो, बटन दाबतो, परत जाऊन गोधडीत शिरतो. सहा वाजता येऊन बंद करतो. दोन वर्षं झाली म्हणे असंच चालू हाय.

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळायला. आवाज तर पार शिवारापर्यंत जातो, मग गाणं पोचलं म्हणायचं का नाही? माझं मत सांगतो, गाणं फुकट झालं आन ऐकणं संपलं. आधी एका कॅसेटसाठी सेलूला जाऊन यायचो आन ती फीत झिजेपर्यंत ऐकायचो. आता खिशात लाख गाणी हायेत आन एकही पुरं ऐकत नाही. तुमच्यापर्यंत गाणं कसं पोचलं आन आता कसं पोचतं, सांगा.

सोयाबीन_क्विंटल
कुत्रं होतं ना. झाला की श्रोता.

जुना_मरफी
विषय छान काढलात. माझं वय आता पंच्याहत्तरच्या पुढं, नांदेडला जुन्या वाड्यात वाढलो. वाड्यात नऊ बिऱ्हाडं आणि रेडिओ एक. रेडिओला तेव्हा लायसन लागायचं हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तकात नोंद करून आणायची. माळवदावर जाळीची एरियल, तिच्यावर कावळा बसला की आवाज खरखरतो असा आमचा पक्का समज.

बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला आणि अमीन सयानींचा तो आवाज. नऊ बिऱ्हाडांतली माणसं मालकाच्या ओसरीत. आकाशवाणीवर तेव्हा सिनेमाची गाणी जवळपास बंदच होती, आपलेच मराठी मंत्री बाळकृष्ण केसकर, १९५२ पासून नभोवाणी खातं त्यांच्याकडं, त्यांना ही गाणी उथळ वाटायची. त्यांनी दार लावलं आणि अख्खा देश लंकेच्या खिडकीतून ऐकायला लागला. मग १९५७ ला विविध भारती काढावी लागली. गाणं अडवलं की ते वळसा घालून येतं, पण येतं, हे मी तेव्हा शिकलो.

एक गंमत सांगायची राहिली. सिलोनचा आवाज लाटेसारखा यायचा. ऐन अंतऱ्यात बुडायचा, पाच-दहा सेकंदांनी परत वर यायचा. तेवढी मोकळी जागा आम्ही सगळे मिळून म्हणून काढायचो, आणि आवाज परत आला की आपण बरोबर ठिकाणी आहोत का ते बघायचं. बरोबर निघालो की टाळ्या. एक काकू कायम एक ओळ पुढं असायच्या.

मीटर_बँड
@जुना_मरफी काका, कावळ्याचा दोष नव्हता हो 😄 सिलोन शॉर्टवेव्हवर यायचं. त्या लहरी आकाशात शंभर-दोनशे-तीनशे किलोमीटर वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात. थर स्थिर नसतो, शिवाय एकच लहर दोन वाटांनी येते, कधी एकमेकीला जोर देतात कधी खाऊन टाकतात, म्हणून आवाज बुडतो-वर येतो.

मीडियम वेव्हचं आणखी वेगळं. दिवसा उन्हामुळं खालचा एक थर तयार होतो तो ही लहर गिळून टाकतो, म्हणून दुपारी आपलं परभणी केंद्र तेवढं स्वच्छ लागतं. रात्री तो थर विरला की कुठकुठली लांबची केंद्रं चढून बसतात. लहानपणी रात्री काटा फिरवायचा आणि कळत नाही अशा भाषेतलं गाणं लागलं की तिथंच थांबायचो. ते कुठून येतंय ते अजून माहीत नाही. माझ्यापर्यंत गाणं असं पोचलं, चुकून.

गोदाकाठचा
वा काका. बघा, नऊ बिऱ्हाडं एका ओसरीत. हेच म्हणायलो मी. सगळ्यांना एकच गाणं ऐकू यायचं. आता चार माणसाच्या घरात चार कानात चार गाणी. भोंगा, चावडीवरचा रेडिओ, लग्नातला लाउडस्पीकर, सगळं गाव एकाच गाण्यात असायचं. ते गेलं.

निळी_पहाट
"सगळं गाव."

दादा राग मानू नका पण हे दोन शब्द वाचून लिहायला बसले. सप्ताहाच्या भोंग्यांतला एक कायम आमच्या वस्तीकडं तोंड करून असायचा. आवाज आम्हाला पोचायचा, आमच्या आज्याला देवळाच्या पायरीपर्यंत जाता येत नव्हतं. म्हणजे गाणं आलं आणि माणसाला मात्र तिकडं जाता आलं नाही, हे पण पोचणंच आहे का?

आमच्याकडं गाणं आंबेडकरी जलशातून आलं. वामनदादा कर्डकांची गाणी आमच्या बापानं आधी तोंडी शिकली, कागद नाही काही नाही, कोणीतरी मिलिंद कॉलेजला शिकायला गेलेला सुट्टीत आला की नवीन गाणं घेऊन यायचा. मग कॅसेट आली. प्रल्हाद शिंदेंचा आवाज एका साध्या टेपमधून वस्तीवर निघाला त्या दिवशी माझी आजी दारात उभी राहून ऐकत होती, तिनं टेपला हात लावून बघितला. कॅसेट स्वस्त होती, कुठंही भरता यायची, कोणा केंद्रसंचालकाची परवानगी लागत नव्हती. तुमच्यासाठी कॅसेट म्हणजे आठवण असेल, आमच्यासाठी पहिल्यांदा आमचा आवाज आमच्याच हातात आला. चौदा एप्रिलला ती लावली म्हणून गावात दोनदा भांडणं झाली. ७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, त्या नामांतराच्या दंगलीत घर सोडावं लागलं तेव्हा बापानं डफ पाठीला बांधून नेला, हे तो शेवटपर्यंत सांगायचा. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला त्या रात्री वस्तीवर पहाटेपर्यंत गाणी चालली, आणि त्या रात्री टेप कोणी लावला नाही, सगळे गळ्यानंच म्हणत होते.

त्यामुळं जुनं ते सोनं एवढ्यावर थांबू नका.

तुरीची_डाळ
चांगला धागा चालू होता, कायले राजकारण आणता?

निळी_पहाट
राजकारण नाही हो, भोंग्याची दिशा सांगितली.

गोदाकाठचा
@निळी_पहाट ताई, राग कशाचा. वाचून गप बसलो थोडा वेळ. आमच्या देवळाच्या कळसाखाली भोंगे चार हायेत, कोणता कुठं तोंड करून हाय हे कधी बघितलंच नव्हतं. आज बघून आलो. "सगळं गाव" मागं घेतो.

कायदेपंडित_लातूर
ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. साडेचारचा काकडा भोंग्यावर नियमबाह्य आहे. फक्त माहितीसाठी.

सोयाबीन_क्विंटल
फक्त माहितीसाठी म्हणून तुमच्या दाराशी वराती थांबवायला लावू का साहेब.

कोयता_सुट्टीवर
आमी धारूरकडचे, बीड. सहा महिने गाव, सहा महिने कारखाना. आमच्यात गाणं ट्रॅक्टरवर असतंय. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघत्यात, हेडला दोन-चार मोठाले साउंड बांधलेले, इंजनच्या वर आवाज गेला पाहिजे म्हणून सगळं फुल. गावातले लोक शिव्या देत्यात, आमाला कळतंय ते. पण रात्रभर ड्रायव्हर जागा ऱ्हायला पाहिजे ना, मागं ट्रॉलीत लेकरं झोपलेली असत्यात. गाणं बंद पडलं की बाया मागून वरडत्यात, झोपला काय रे म्हणून. तर आमच्या गाण्याचा उपयोग ह्यो हाय. चांगलं हाय का वाईट ते तुमी ठरवा.

मेमरी कार्डाचा जमाना लई भारी होता. मोबाईलच्या दुकानात कार्ड द्यायचं, पोरगं म्हणायचं काय टाकू, आपण म्हणायचं सगळं टाक. मग त्यात भारूड, कव्वाली, हिंदी, बंजारा गाणी, कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग बी यायचं. निवडून काय घेतलंच नाही कधी. २०१६ ला जिओ आलं आन कोपीवर (कारखान्यावरच्या आमच्या झोपडीत) बसून गावाकडच्या सप्त्याचं कीर्तन लाइव दिसायला लागलं. मव्हा बाप ऊस तोडून आल्यावर फोन खाटंच्या पायाला टेकवून तेच बघायचा. गावात असताना कधी कीर्तनाला गेला नाई, तमाशाचा माणूस त्यो.

खुलताबादकर
बंजारा गाण्यावरून आठवलं, आमच्याकडं उरुसात कव्वाली. दर्ग्याच्या आवारात खाली बसून ऐकायची, मध्ये माइक असला काय नसला काय. पण मला सांगायचंय ते वेगळं.

सिराज औरंगाबादी. शाळेत असताना नाव ऐकलं होतं, एखाद्या रस्त्याचं नाव असावं इतपत. मग एकदा यूट्यूबवर आबिदा परवीन ऐकत होतो, पाकिस्तानातली मैफल, एक गझल अशी काही चढली की उठून बसलो. शोधलं तर कवी कोण, सिराज! आमच्याच शहरात राहिला, इथंच गेला, १७६३ च्या सुमारास. अडीचशे वर्षांनी त्याचे शब्द सिंधमधल्या बाईच्या गळ्यातून, अमेरिकेतल्या कंपनीच्या सर्व्हरवरून, परत औरंगपुऱ्यातल्या माझ्या खोलीत आले. रस्त्यानं चालत असते तर पंधरा मिनिटं.

म्हणून मला फुकट इंटरनेटचा राग येत नाही. गोदाकाठचा भाऊ, मी ती गझल पुरी ऐकली, एका रात्रीत अकरा वेळा.

तुरीची_डाळ
वलीपण औरंगाबादचेच ना?

खुलताबादकर
हो, शायर वली दखनी. त्याच्यावर वेगळा धागा काढा, इथं सुरू झालो तर दिवाळी संपेल.

ज्वारीताई
सगळं वाचलं. आता बायकांची बाजू सांगते, कोणी सांगेना म्हणून.

आमच्या घरी रेडिओ होता पण त्याचं बटन बापाच्या हातात. तो शेतात गेला की बॅटरी संपते म्हणून कपाटात. गाणी ऐकली ती कामं करताना, शेजारच्याच्या घरातली, अर्धीमुर्धी. गाण्याचं पहिलं कडवं पाठ आणि दुसरं माहीतच नाही अशी माझी निम्मी गाणी आहेत, कारण तेवढ्यात कोणीतरी हाक मारायचं. लग्नानंतर टीव्ही सासऱ्यांच्या खोलीत. पंचेचाळीसाव्या वर्षी लेकीनं तिचे जुने इअरफोन दिले. भाकरी करताना एक कानात घालते (दुसरा कुकरच्या शिट्टीसाठी मोकळा). चार माणसं चार कानात चार गाणी म्हणून तुम्हाला वाईट वाटलं ना दादा, माझ्या आयुष्यात मी निवडलेलं पहिलं गाणं त्या तुटक्या इअरफोनमध्ये वाजलं.

दुसरी कडवी आता एकेक शोधून ऐकते. काही काही अगदीच टुकार निघतात.

जुना_मरफी
@ज्वारीताई, आमच्या ओसरीत बायका होत्या असं मी लिहिलं खरं. आता आठवून पाहतो तर त्या उंबऱ्याच्या आत होत्या. ती एक ओळ पुढं असणारी काकू पण आतूनच म्हणायची.

धुमाला_कणीक
अंबाजोगाईकडचा पखवाजी. मूळ प्रश्नावर येतो, भोंग्यातून काय पोचतं याच्यावर.

ते कर्ण्याचे भोंगे असतात ना, त्यातून खालचा खर्जाचा आवाज निघतच नाही. कर्णा लहान, लहर मोठी, मावत नाही. म्हणून लांबून तुम्हाला टाळ ऐकू येतो, गाणाऱ्याचा गळा ऐकू येतो, पण पखवाजाचा धुम नाही. पखवाजाला शाईची बाजू वेगळी आणि डाव्या बाजूला धुम, त्याला ओली कणीक थापायची, तिच्यावर तो घुमतो. कणीक वाळली की आवाज गेला, प्रत्येक वेळी ताजी लावायची. हिवाळ्यात पहाटे ती मळताना बोटं काकडतात. हे सगळं करून जो आवाज येतो तोच भोंगा खाऊन टाकतो. तो छातीत ऐकू येतो, पण पाच-दहा हातांवर बसलात तरच.

आमच्या भागात शंकरबापू आपेगावकर होऊन गेले, पद्मश्री. ज्यांनी समोर बसून ऐकलं ते लोक अजून हातवारे करून सांगतात कसं वाजवायचे, कारण तोंडानं सांगता येत नाही. रेकॉर्डिंग आहेत, मी ऐकतो, फोनच्या स्पीकरवर अर्धा पखवाज जातोच. निदान मोठ्या स्पीकरवर तरी ऐका.

तर पेनड्राइव्हमुळं काय गेलं, माझ्या मते धुम गेला.

सोयाबीन_क्विंटल
मग डीजे लावा, धुमच धुम. मागल्या वरातीत आमच्या पत्र्याचे तीन खिळे ढिले झाले, म्हातारीची छाती धडधडायली, बँजोवाल्याला हात जोडून पुढं काढला.

मीटर_बँड
पत्रा हलतो तोच खर्ज 😄 भोंगा आणि डीजे यांच्या मधलं काही आपल्याकडं मिळत नाही हा खरा प्रॉब्लेम आहे.

तुरीची_डाळ
लग्नात आधी मंडपवाला रेकॉर्ड लावायचा, काळी तबकडी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, की पळत जाऊन उलटायची. आमचा चुलता तेवढ्यासाठी जेवणाच्या पंगतीतून उठायचा. गाणी तीन मिनिटांची का असतात तर तबकडीत तेवढंच मावायचं म्हणून, असं वाचलंय. तबकड्या गेल्या, गाणी मात्र अजून तेवढीच.

धुमाला_कणीक
बरोबर आहे. गौहर जान १९०२ ला गायल्या तेव्हा तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवावा लागला. आणि शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगायच्या, कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसाला कळायला पाहिजे कोणाचं गाणं आहे.

कोयता_सुट्टीवर
मंजी आजकाल व्हिडिओच्या शेवटी सबस्क्राईब करा म्हणत्यात तसंच की.

ज्वारीताई
परत आले. दुपारभर भोंग्याचाच विचार करत होते.

माझी आजी माजलगावच्या बाजूची. पहाटे तीनला जात्यावर बसायची, घरातली माणसं झोपलेली. ओवी म्हणायची ती कोणासाठी? ऐकणारं कोणी नव्हतं. जातं आणि ती. कधी समोर खुंट्याला हात लावायला जाऊ असली तर एक ओळ हिची, एक तिची. पोचायचं वगैरे काही नव्हतंच, उलट काही ओव्या कोणाला ऐकू जाऊ नयेत अशाच होत्या, सासूवरच्या, नवऱ्यावरच्या. जात्याच्या घरघरीत लपून जायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्यात, त्या आता ऑनलाइन ऐकायला मिळतात, ऐका. माझ्या आजीच्या त्यात नाहीत. गिरणी आली, दळणाचा त्रास वाचला, ती म्हणायची बरं झालं बाई, खांदे मोडले होते. तिला काही ओव्यांसाठी जातं परत नको होतं. पण गिरणी आल्यावर तिनं परत ओवी म्हणली नाही. आम्ही म्हण म्हणायचो तर म्हणायची हाताला काही नसलं की तोंडाला येत नाही.

दादा, तुम्ही देवळात गेलात आणि ऐकायला कोणी नाही म्हणून वाईट वाटलं तुम्हाला. माझ्या आजीला ऐकायला कधीच कोणी नव्हतं. तुमच्या देवळात म्हणायला कोणी नाहीये.

जुना_मरफी
🙏

निळी_पहाट
ताई, आजीच्या दोन ओळी आठवत असतील तर लिहा ना.

ज्वारीताई
आठवतात. इथं नाही लिहिणार, एक सासूवरचीच आहे आणि माझी सासू हा ग्रुप वाचते.

गोदाकाठचा
दहा दिवसांनी परत येतोय, नोकरीवर परत जायचं होतं पण सुट्टी वाढवली. ज्वारीताईंचं वाचलं त्या रात्री नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पुजाऱ्याकडं गेलो, म्हणलं मंडळ का बंद झालं. तर काही भांडण नाही काही नाही, दोन म्हातारे गेले, एक लेकाकडं पुण्याला गेला, पखवाजाची पुडी (तोंडावरचं कातडं) फाटली ती कोणी बदलली नाही. एवढंच. आठ वर्षांपूर्वी पुडीला बाराशे रुपये लागत होते म्हणे.

पुडी बदलून आणली. कणीक मळायला मी (बोटं काकडतात हे खरं हाय). पहिल्या दिवशी आम्ही तिघं, परवा सहा. वस्तीवरचा एक जण आलाय, त्याचा गळा सगळ्यात चांगला हाय, आन तो आत येऊन बसतो, कोणी काही बोललं नाही, दोघं जण यायचे थांबले तेवढं सांगून ठेवतो. दोन बाया पण येतात. भोंगे बंद केलेत, मनानं नाही, कायदेपंडितांच्या भीतीनं.

आता अडचण ऐका. चाली कोणालाच पुऱ्या येत नाहीत. वासुदेव सुरू केला की गौळणीच्या चालीत घसरतो. मग काय करायलो, तर पेनड्राइव्ह लावायचा, एक कडवं ऐकायचं, बंद करायचा, म्हणायचं, परत लावायचा. पुजाऱ्याचा नातू बटनावर. त्याला आता सगळ्यात जास्त पाठ झालंय.

धुमाला_कणीक
कणकेत मीठ घालू नका. आणि वाजवून झालं की खरवडून काढा, नाहीतर उंदीर पुडी खातील. परत बाराशे. आता तर जास्तच लागतील.

कोयता_सुट्टीवर
आमी निघालो परवा. तुमच्या गावावरून जायचं झालं तर साउंड बारीक करतो.

सोयाबीन_क्विंटल
कुत्र्याचं काय झालं?

गोदाकाठचा
कुत्रं येत नाही आता. सहा जण गायला लागल्यापासून.